साकुराच्या दिवसांत सायकल: साठीनंतरच्या जोडप्यांसाठी

टोकियोतल्या यासुकुनी देवळाच्या आवारात चेरीचं एक झाड आहे. दर वर्षी मार्चमध्ये हवामान खात्याचे कर्मचारी त्या झाडापुढे उभे राहून फुलं मोजतात आणि भोवती वार्ताहरांचा घोळका जमतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. २०२०, २०२१ आणि २०२३ या तीन वर्षी पहिली घोषणा १४ मार्चलाच झाली. २०२४ मध्ये तीच २९ मार्चपर्यंत लांबली. झाड तेच, फरक पंधरा दिवसांचा.

जपानचा बहर बघायला निघालेल्या अनेकांची फसगत इथेच होते. कचेरीतून मोजून आठ दिवसांची रजा मिळालेली असते, तिकिटं सहा महिने आधी काढलेली असतात. मग झाडांवर नुसत्या कळ्या असोत किंवा आदल्या रात्रीच्या पावसाने पाकळ्या गटारात गेलेल्या असोत, ठरल्या दिवशी ठरल्या बसमधून ठरलेली बाग बघावीच लागते. निवृत्त जोडप्याला रजेचा अर्ज करायचा नसतो. तीन आठवडे काढणं त्यांना जमतं, आणि या सहलीत पैशांपेक्षा ही सवड मोलाची आहे. तिचा उपयोग करायचा तर टोकियो-क्योतो-ओसाका अशी धावपळ सोडून एकच प्रदेश निवडावा, रोज थोडं अंतर कापावं आणि मधले दोन-चार दिवस मुद्दाम मोकळे ठेवावेत. सायकल इथे उपयोगी पडते. बसच्या खिडकीतून न दिसणारं नदीकाठचं एकटं झाड सायकलवरून दिसतं, आणि तिथे थांबायला कुणाची परवानगी लागत नाही.

साठी उलटल्यावर परदेशात सायकल चालवायची म्हटलं की मुलंबाळं भुवया उंचावतात. त्यांना सांगावं, की जपानच्या लोकसंख्येत पासष्टीपुढच्या माणसांचं प्रमाण सुमारे २९ टक्के आहे आणि त्यांतले कितीतरी जण रोज सायकलवरूनच भाजी आणतात. पुढे टोपली, खाली वाकलेली दांडी, भक्कम स्टँड अशा सायकलवर सत्तरीच्या आजी दवाखान्यात जाताना दिसतात. तिथे म्हाताऱ्या सायकलस्वाराकडे कुणी कौतुकाने वळून बघत नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातल्या वाचकांना तर हे नव्याने सांगायलाच नको.

बहराचा अंदाज बांधता येतो, कारण जपानभर लावलेली बहुतेक चेरी एकाच जातीची आहे: सोमेइ योशिनो. ती कलमांवर वाढवली जाते, त्यामुळे सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या सारखीच. एका गावातली झाडं एकदमच फुलतात ती त्यामुळे. पूर्वी जपानचं हवामान खातं स्वतः बहराचा अंदाज वर्तवायचं. ते काम आता खासगी हवामान कंपन्या करतात आणि जानेवारीपासून दर आठवड्याला सुधारित तारखा देतात. टोकियोत एक ढोबळ हिशोबही सांगतात: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांच्या आसपास पोचली की फुलं आलीच. पहिल्या फुलापासून पूर्ण बहराला साधारण आठवडा लागतो आणि त्यानंतर आठवड्याभरात झाड रिकामं होतं. मध्ये वारा-पाऊस झाला तर त्याआधीच. हिरोशिमा, ओकायामा आणि क्योतो या पट्ट्यात सर्वसाधारण वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बहर, असं धरून चालावं. सहलीची चौकट २५ मार्च ते १५ एप्रिल ठेवली तर लवकरच्या आणि उशिराच्या, दोन्ही वर्षी काही ना काही हाती लागतं.

प्रदेश कुठला निवडायचा? सायकलस्वारांच्या गप्पांत बिवा सरोवराची प्रदक्षिणा नेहमी येते. जपान सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय सायकलमार्ग म्हणून पहिल्यांदा निवडलेल्या तीन मार्गांपैकी तो एक. पण पूर्ण फेरी सुमारे २०० किलोमीटरची आहे आणि काही भागांत गाड्यांच्या रस्त्यावरून जावं लागतं. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच यादीतला त्सुकुबा-कासुमिगाउरा मार्ग सपाट आहे. त्याचा काही भाग १९८७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून जातो, जुन्या स्थानकांचे फलाट आता विसाव्याच्या जागा झाले आहेत आणि त्यांच्या कडेने चेरी लावलेली आहे. टोकियोत नातेवाईक असतील तर तो सोयीचा. पण हातात तीन आठवडे असतील आणि एकच जागा निवडायची असेल, तर सेतो समुद्राचा किनारा घ्यावा. तिथे सपाट शेतं आहेत, बेटं आहेत, लहान अंतरं आहेत आणि दमलं तर बोटीत बसायची सोय आहे.

सुरुवात ओकायामापासून करावी. आल्या आल्या बेटांकडे धाव घेऊ नये. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असतं, झोप बसायला दोन-तीन दिवस जातात. ओकायामाहून छोट्या गाडीने पंधरा मिनिटांच्या आत बिझेन-इचिनोमिया हे स्थानक येतं. तिथून सोजापर्यंत किबी मैदानातून जाणारा सायकलमार्ग साधारण १७ किलोमीटरचा आहे. सायकल एका टोकाला भाड्याने घ्यायची, दुसऱ्या टोकाला परत करायची. वाट शेतांच्या बांधावरून, कालव्याच्या कडेने जाते. मध्ये किबित्सु देऊळ लागतं, त्याची टेकडीच्या उतारावरून खाली जाणारी लाकडी छताची ओसरी संपता संपत नाही. पुढे त्सुकुरियामा नावाचा ३५० मीटर लांबीचा प्राचीन दफनढिगारा आहे. आकाराने तो जपानात चौथा, पण त्याच्या डोक्यावर सर्वांना चढता येतं ही त्याची खरी मौज. आणि मग बिच्चू कोकुबुन्जीचा पाच मजली पॅगोडा, शेतांच्या मधोमध, भोवती चेरी. एवढ्या मार्गाला पट्टीचा सायकलस्वार तासभर घेईल. जोडप्याने सकाळी नऊला निघून तीनला पोचावं. सीटची उंची बरोबर आहे का, गुडघा कुरकुरतो का, वाहतुकीचा अंदाज येतो का, हे सगळं इथेच कळतं, आणि काही बिघडलंच तर रेल्वेमार्ग जवळच असतो.

यानंतर शिमानामी काइदो. हिरोशिमा प्रांतातलं ओनोमिची आणि शिकोकू बेटावरचं इमाबारी यांना जोडणारा हा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग सहा बेटांवरून जातो आणि १९९९ मध्ये पूर्ण झाला. मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा, ओशिमा ही त्या बेटांची नावं. पुलांवर सायकलींसाठी वेगळी वाट आहे आणि बेटांवर रस्त्याच्या कडेला निळी रेघ मारलेली आहे. ती धरून गेलं की नकाशा लागतच नाही. जागोजागी पाणी, पंप आणि स्वच्छतागृह असलेले सायकलस्वारांचे थांबे आहेत. पुलांवर चढणारे रस्ते मुद्दाम लांबवून त्यांचा चढ साधारण तीन टक्क्यांवर ठेवला आहे, म्हणजे १०० मीटरला तीन मीटर. हलका गिअर टाकून गप्पा मारत चढता येईल असा. मात्र असे चढ प्रत्येक पुलाला आहेत आणि एका दिवसात सगळे ओलांडायचे तर दुपारनंतर गप्पा बंद होतात.

पुष्कळ तरुण हा मार्ग एका दिवसात संपवतात आणि तसा फोटो टाकतात. साठीच्या जोडप्याने तो तीन दिवसांत करावा, हा या लेखाचा आग्रह आहे. एका दिवसात केलं तर लक्षात फक्त पूल राहतात.

निघण्याआधी ओनोमिचीत एक दिवस काढावा. यासुजिरो ओझू यांच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटातलं म्हातारं जोडपं याच गावचं. मुलांना भेटायला ते टोकियोला जातात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो. सहलीआधी हा चित्रपट बघून घ्यावा, विशेषतः ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी. गाव डोंगरउतारावर आहे, गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, आणि वर सेन्कोजी देवळाची बाग चेरीसाठी देशभर नावाजलेली. वर जायला रोपवे आहे; दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची असेल तर गुडघ्यांची परीक्षा इथे घेऊ नये. बंदराकाठच्या एका जुन्या गोदामात खास सायकलस्वारांसाठी हॉटेल आहे, तिथे सायकल थेट खोलीत नेता येते.

पहिल्या दिवशी ओनोमिचीच्या धक्क्यावरून छोट्या फेरीबोटीने पाचेक मिनिटांत मुकाइशिमाला उतरायचं. तिथेही पूल आहे, पण तो अरुंद आणि गाड्यांनी भरलेला, त्यामुळे सायकलवाले बोटच घेतात. इन्नोशिमाच्या पुलावर सायकलींची वाट गाड्यांच्या खाली, पोलादी जाळीच्या बोगद्यातून जाते. डोक्यावर ट्रक धडधडतात आणि खाली समुद्र. सुमारे ३० किलोमीटरनंतर इकुचिजिमावरचं सेतोदा येतं. लिंबांचं बेट. इथे मुक्काम करावा. ज्याला पुढे नकोसं वाटेल त्याला सेतोदाहून बोटीने ओनोमिचीला परतता येतं, सायकलसकट. बहर ऐन भरात असेल तर एक दिवस वाढवून शेजारच्या इवागी बेटावर जावं, इकुचिजिमाहून छोटी फेरी आहे. तिथल्या सेकिझेन डोंगरावर ३,००० चेरीची झाडं असल्याचं सांगतात. डोंगर सुमारे ३७० मीटर उंच आहे, तेव्हा बॅटरीची सायकल नसेल तर वरपर्यंत चढायचा हट्ट धरू नये.

दुसरा दिवस तातारा पुलाचा. १९९९ मध्ये खुला झाला तेव्हा ८९० मीटरच्या मुख्य गाळ्यासह हा केबलांवर तोललेला जगातला सर्वांत लांब पूल होता. त्याच्या मनोऱ्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज वरवर घुमत जातो. तिथे आपटायला लाकडी पट्ट्यासुद्धा ठेवलेल्या असतात. पूल उतरल्यावर ओमिशिमा. मुख्य मार्ग सोडून सातेक किलोमीटर आत गेलं की ओयामाझुमी देऊळ लागतं. सामुराई योद्धे लढाईनंतर आपली चिलखतं आणि तलवारी इथे देवाला वाहायचे, त्यांचा मोठा संग्रह देवळाच्या संग्रहालयात आहे. वाटेत एक चढ आहे. तो टाळायचा मोह होईल, पण संपूर्ण मार्गावरची बघण्याजोगी एकच जागा निवडायची तर हीच. त्या रात्री ओमिशिमा किंवा हाकाताजिमावर राहावं. हाकाताजिमा मिठासाठी प्रसिद्ध आहे, मिठाचं आइस्क्रीमसुद्धा मिळतं. तिथल्या हिराकियामा बागेत टेकडीवर सुमारे १,००० चेरीची झाडं आहेत आणि त्यांच्यामागे पूल दिसतो. सायकल खाली लावून चालत वर जाणं बरं.

तिसऱ्या दिवशीचं ओशिमा हे या मार्गावरचं सर्वांत चढ-उताराचं बेट, तिथे घाट म्हणावेत असे दोन चढ आहेत. त्यासाठी पाय राखून ठेवावेत. शेवटी कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे एकाला एक जोडलेले तीन झुलते पूल, मिळून सुमारे चार किलोमीटर. खाली भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरात असतात की पाण्यात भोवरे दिसतात. वारा मात्र इथे खरा शत्रू आहे. अंदाज वाईट असेल तर एक दिवस थांबावं. मोकळे दिवस ठेवायचे ते यासाठीच. इमाबारीत सायकल परत करून गाडीने मात्सुयामा गाठावं. तिथल्या दोगो गरम झऱ्याची मुख्य इमारत १८९४ ची आहे आणि अनेक वर्षांच्या डागडुजीनंतर २०२४ मध्ये पूर्ण खुली झाली. स्नान विवस्त्र आणि स्त्री-पुरुषांचं वेगळं. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं. ज्यांना हे अवघड वाटतं त्यांनी तासावर भाड्याने मिळणारी खासगी स्नानाची खोली असलेलं निवासस्थान शोधावं.

बहर हुकला तर? लवकर सरला असेल तर उत्तरेला किंवा उंचावर जायचं. बिवा सरोवराच्या उत्तर टोकाला काइझु-ओसाकी इथे किनाऱ्याने सुमारे चार किलोमीटर ८०० झाडं आहेत आणि तिथला बहर क्योतोपेक्षा उशिरा, एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. एवढाच तुकडा सायकलवर करणं सहज शक्य आहे. योशिनो डोंगरावर पायथ्यापासून शिखरापर्यंत टप्प्याटप्प्याने फुलं येतात, त्यामुळे तिथे पूर्ण चुकणं कठीण. अगदीच उशीर झाला तर ओसाकाच्या सरकारी टांकसाळीच्या आवारातली दुहेरी पाकळ्यांची चेरी एप्रिलच्या मध्याला आठवडाभर लोकांसाठी खुली करतात. ही प्रथा १८८३ पासूनची आहे. आणि समजा आपण पोचलो तरी फुलं उमललीच नाहीत, तर ओकायामातला मुक्काम वाढवावा आणि बेटं पुढे ढकलावीत.

आता सायकलीविषयी. भारतातून स्वतःची सायकल नेण्याच्या भानगडीत पडू नये. विमानात तिचा खोका, तिथे पुन्हा जोडणी, आणि जपानी रेल्वेत सायकल न्यायची तर चाकं काढून पिशवीत बांधावी लागते. एवढं सगळं तीन आठवड्यांसाठी कशाला? शिमानामीवर सार्वजनिक केंद्रांपासून नामांकित कंपन्यांच्या दुकानांपर्यंत भाड्याची सोय आहे आणि बऱ्याच सायकली वाटेतल्या दुसऱ्या केंद्रावर परत करता येतात. बॅटरीच्या सायकलींचे नियम मात्र वेगळे असू शकतात, काही जिथून घेतल्या तिथेच परत कराव्या लागतात. तेव्हा आरक्षण करताना ‘मी ही इमाबारीत सोडू शकतो का’ हे आधी विचारावं. आपली उंची कळवावी. मागे कॅरिअर आहे का तेही विचारावं, कारण अनेक चकचकीत सायकलींना ते नसतं आणि पाठीवरची पिशवी तासाभरात मान धरते. जपानी बॅटरीची सायकल आपल्याकडच्या ई-बाईकसारखी मूठ पिळून पळत नाही. पॅडल मारलं तरच ती जोर देते, आणि ताशी २४ किलोमीटरच्या पुढे तोही बंद होतो. परवाना लागत नाही. दोघांपैकी ज्याचा दम कमी त्याने ही घ्यावी, दुसऱ्याने साधी. मग वेग आपोआप सारखे होतात. जाताना पुढे कायम हळू चालवणाऱ्याने राहावं. मागे राहून सतत ‘थांब ना’ ओरडावं लागलं की तिसऱ्या दिवशी बोलणंच बंद होतं.

मोठ्या बॅगा सायकलवर न्यायच्या नसतात. जपानात ताक्क्यूबिन नावाची सामान पोचवणारी सेवा आहे. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनी ती चालवते. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, बहुधा दुसऱ्या दिवशी ती तिथे हजर. ओकायामाहून बॅगा सरळ मात्सुयामाला पाठवाव्यात आणि तीन दिवसांचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट एवढंच बरोबर ठेवावं. पासपोर्ट परदेशी पाहुण्याने सतत जवळ बाळगणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

रेल्वेपासबद्दल दोन शब्द. जपान रेलपास घ्या, असं जुनी पुस्तकं डोळे मिटून सांगतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली. एकाच प्रदेशात राहणाऱ्याला तो परवडत नाही. लागतील तशी तिकिटं काढावीत.

नियम मात्र मन लावून वाचावेत, कारण सायकल म्हणजे काहीही चालतं ही आपली समजूत तिथे महागात पडते. वाहतूक डावीकडून, आपल्यासारखीच. डबलसीट नाही. दोघांनी शेजारी शेजारी चालवणंही नाही. छत्री धरून चालवणं हा गुन्हा आहे. पावसाचा कोट घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालावं असं कायदा सांगतो. न घालण्याला दंड नाही, म्हणून बरेच स्थानिक लोक घालत नाहीत; आपण घालावं. नोव्हेंबर २०२४ पासून दारू पिऊन सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. चेरीखाली चटया अंथरून बसलेली मंडळी प्रेमाने साकेचा पेला पुढे करतात, तेव्हा हे आठवावं. १ एप्रिल २०२६ पासून १६ वर्षं व त्यावरच्या सायकलस्वारांना किरकोळ गुन्ह्यांसाठी दंडाची पावती देण्याची पद्धत लागू झाली आहे: हातात फोन धरून चालवलं तर १२,००० येन, सिग्नल तोडला तर ६,०००. फोटो काढायचा तर आधी पाय जमिनीवर टेकवावा.

पदपथाचा नियम गमतीचा आहे. सायकल रस्त्यावरच चालवायची असते, पदपथावर फक्त तशी पाटी असेल तर. पण १३ वर्षांखालची मुलं आणि सत्तरी पूर्ण केलेली माणसं यांना पदपथावर हळू, चालणाऱ्यांना आधी जाऊ देत, सायकल चालवण्याची मुभा आहे. म्हणजे नवरा एकाहत्तरचा आणि बायको सहासष्टची असेल तर एक वर आणि एक खाली!

गळून पडलेल्या पाकळ्या ओल्या झाल्या की त्यांवरून चाक सटकतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलांवरचे पोलादी सांधेही तसेच. पावसात वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाआधीच वेग कमी करावा.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी जोडप्याने पूर्ण तयारीनिशी जावं. नुसत्या भाज्यांच्या सूपमध्ये किंवा थंड नूडल्सच्या रश्शातसुद्धा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो आणि बनवणाऱ्याला ते मांसाहारी वाटत नाही. म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासे, माशांचा अर्क, दोन्ही नको असं जपानीत लिहिलेला कागद बरोबर ठेवावा. बेटांवरची घरगुती निवासस्थानं संध्याकाळी सहा-साडेसहालाच जेवण वाढतात, त्यामुळे आपली पथ्यं आरक्षणाच्या वेळीच कळवावीत आणि पाचच्या आत पोचावं. बेटांवर दुकानं लवकर बंद होतात आणि पुष्कळ ठिकाणी रोख येनच लागतात. चोवीस तास उघड्या असलेल्या छोट्या दुकानांत उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेले भाताचे त्रिकोण मिळतात, वाटेत त्यांचा मोठा आधार. त्या चिकट भाताबरोबर घरचं मेतकूट आणि कोरडी चटणी चांगली लागते, खाकऱ्याचे दोन पुडेही न्यावेत. मांस असलेला कुठलाही पदार्थ मात्र बॅगेत नको. आणि एप्रिल आहे म्हणून तिथल्या भाच्यासाठी हापूसची पेटी नेण्याचा विचार मनात आणू नये. फळं तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानात नेता येत नाहीत.

औषधांकडे दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एक महिन्याच्या मात्रेपर्यंत विनापरवाना नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत घ्यावी. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. त्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जपानात ती आणायला बंदी आहे. आपल्या घरच्या औषधांच्या डब्यात अशी एखादी पट्टी हमखास असते. ती घरीच ठेवावी. आजारपण आणि अपघात दोन्ही धरणारा प्रवासविमा घ्यावा आणि त्यात सायकल चालवणं वगळलेलं नाही ना, हे वाचून घ्यावं. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९, पोलिसांचा ११०.

सरावाला महाराष्ट्राचा हिवाळा पुरतो. डिसेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस सायकल काढावी. आधी डॉक्टरकडून रक्तदाब, साखर, हृदय तपासून घ्यावं. वेग वाढवण्याच्या मागे लागू नये. खरी कसोटी वेगळी: लागोपाठ दोन दिवस २५-३० किलोमीटर. पहिल्या दिवशी कुणालाही जमतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवतं का, ते बघावं. बसवत नसेल तर गादीची हाफपँट घ्यावी आणि सीट थोडी वर-खाली करून बघावी. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. जड गिअर दाबत चढण्याची आपली जुनी सवय सोडून हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवायला शिकावं. एप्रिलच्या सुरुवातीला सेतो किनाऱ्यावर दुपारी १५ ते १८ अंश आणि पहाटे त्याच्या निम्म्याच्या आसपास तापमान असतं. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा वारा अडवणारं पातळ जाकीट आणि आत दोन थर बरे. हातमोजे विसरू नयेत.

भारतीयांना जपानचा व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून तो पर्यटकांना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो, एकदाच प्रवेश आणि मुक्काम ९० दिवसांपर्यंत. अर्ज अधिकृत केंद्रामार्फत करायचा असतो. विमानतळावर तो इंटरनेटला जोडलेल्या फोनवर दाखवावा लागतो, म्हणून रोमिंग किंवा तिथलं सिम आधीच सुरू करून ठेवावं. निवृत्तांनी पेन्शनची आणि ठेवींची कागदपत्रं जोडावीत. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचीही.

कामांचा क्रम तेवढा नीट लावा. बेटांवरच्या खोल्या मोजक्या असतात आणि मार्चअखेर जपानी शाळांनाही सुट्टी असते, म्हणून राहण्याची जागा आधीच्या ऑक्टोबरमध्येच राखून ठेवा, शक्यतो रद्द करता येईल अशी. सायकलींचं आरक्षण सुरू होईल त्या आठवड्यात करून टाका. व्हिसाची मुदत मात्र दिल्या तारखेपासून तीन महिन्यांचीच असते, त्यामुळे त्याचा अर्ज जानेवारीच्या उत्तरार्धाआधी करू नका.